भंडाऱ्याचा मेळा आणि भिंती असलेलं ताट

परवा माझ्या लेकीनं, मंदानं, पुण्याहून एक फोटो पाठवला. शहराबाहेरच्या कुठल्याशा झुल्यांच्या बागेत ती नवरा-मुलीला घेऊन गेली होती. तिथं म्हणे एकदा तिकीट काढलं की पाण्यातल्या घसरगुंड्याही आणि पोटभर जेवणही. टेबलांवर इतके पदार्थ मांडलेले की फोटोत मावत नव्हते, आणि त्यांच्यासमोर माझी नात मूठभर पांढरा भात घेऊन गाल फुगवून बसलेली. खाली मंदानं लिहिलं होतं, "माय, ही काहीच खात नाही. काय करू हिचं?"

मला आधी हसू आलं. मग आपण का हसलो तेच कळेना. या ब्लॉगवर मी एरवी अलीकडच्या सहलींचं लिहिते, पण आज एक जुनी सहल लिहून काढते. लेकरू खात नाही म्हणून ज्यांना कुठे जायची भीती वाटते, त्यांना उपयोग झाला तर झाला.

साल नक्की आठवत नाही, ऐंशीच्या पुढचं असावं. आम्ही आसगावला राहायचो, पवनी तालुक्यात. धान निघून घरात आलं होतं, ऊन अजून तापायचं होतं, आणि मंदा चौथीत होती. ह्यांच्या मनानं घेतलं होतं की पोरीला पाचवीपासून भंडाऱ्याच्या शाळेत घालायचं आणि ह्यांच्या मोठ्या बहिणीकडे, बाईजींकडे, ठेवायचं. बाईजींचं घर मोठं, मुलं नोकरीला लागून बाहेर गेलेली, त्यांचे मालकही बरेचदा दौऱ्यावर. माझीही तीच इच्छा होती. मी स्वतः सातवीच्या पुढे शिकले नव्हते, आणि ते मला सलायचं.

अडचण एकच होती. मंदा जेवायची नाही.

नाही म्हणजे, कधी जेवायची, कधी नाही. आज वरण-भात चाटूनपुसून खाईल, उद्या तोच भात, तेच वरण, आणि ताट सरकवून देईल. एकदा वांग्याची भाजी आवडीनं खाल्ली, म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम केली, तर रडून घर डोक्यावर घेतलं. मी दृष्ट काढली, जंताचं औषध दिलं, गोष्टी सांगितल्या, धपाटेही घातले. काही उमजत नव्हतं. पंगतीत तर तिला नेणंच मी सोडलं होतं, कारण वाढणारे पुढे सरकायचे आणि ही भरल्या पत्रावळीसमोर नुसती बसून राहायची. लोक माझ्याकडे बघायचे.

बाईजींचा निरोप आला: भंडाऱ्याला मेळा लागला आहे, पोरीला घेऊन या, राहण्याचंही बोलून घेऊ. आम्ही निघालो.

तेव्हा आम्हाला पवनीला गाडी बदलावी लागायची. पुढची एसटी गच्च भरलेली, रस्ता असा की बसलेला माणूस उभा राहील. अड्याळला गाडी थांबली तेव्हा ह्यांनी गरम भजी आणली. भजी फार छान होती, कांदा कुरकुरीत, सोबत तळलेली मिरची. मंदानं एक भजं उचललं, त्याला मिरचीचं तेल लागलेलं पाहिलं आणि परत ठेवलं. मग घरून आणलेले कोरडे मुरमुरे खात खिडकीबाहेर बघत बसली. तुम्ही लेकराला घेऊन निघाल तर मुरमुरे जवळ ठेवाच, हा माझा आजही सल्ला आहे.

भंडाऱ्याला बाईजींनी स्वागत मोठं केलं. पाट मांडले, ताटं वाढली. भाताच्या ढिगात बोटांनी आळं करून त्यात वरण ओतलं, वरून तूप सोडलं, शेजारी वांग्याची पातळ भाजी घातली आणि कढी वाढली तीही भातावरच. आमच्याकडे मायेनं वाढायचं म्हणजे असंच वाढायचं. मंदा ताटाकडे बघत बसली आणि मी मंदाकडे.

"खाय ना, बेटा," बाईजी म्हणाल्या. "आत्यानं केलं ते आवडत नाही का तुले?"

मंदानं बोटानं ताट जरा लांब सरकवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईजींनी अजून थोडं तूप घातलं, त्यानं तर काम आणखीच बिघडलं.

ताटं उचलल्यावर बाईजींनी मला चुलीजवळ बसवलं. बाई बोलायला कडक, पण मनात काही ठेवत नसत.

"शांता, मी पोरीले ठेवाले नाही म्हणत नाही. घर रिकामंच हाय. पण हे तं काहीच खात नाही. चार महिन्यांत काडी झाली, तं लोक तुले नाही, मले इचारतील. आत्यानं पोरीले उपाशी ठेवलं म्हणतील."

"घरी कधीकधी चांगली जेवते हो, बाईजी."

"कधी?"

मी चुलीतलं लाकूड आत सरकवलं. बाईजींनी उसासा टाकला. "उद्या मेळ्यात जेवणच हाय. पाहू. जेवली, तं ठेवते. नाही जेवली, तं अजून एक वर्ष तुह्याजवळच राहू दे." मला हे गैर वाटलं नाही. त्या रात्री मी देवाकडे मागितलं ते एवढंच, की उद्या हिनं चार घास खावेत.

मेळा मोठा होता. आकाशपाळणा, आरसेघर, लाकडी विहिरीत गोल फिरणारी फटफटी. तिकीट दोन तुकड्यांचं होतं, एक झुल्यांचं आणि दुसरं जेवणाचं, आणि जेवणाच्या तंबूवर मोठ्या अक्षरांत 'बफे' असं लिहिलेलं. हा बफे म्हणजे काय हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. ह्यांचा अंदाज होता की तो एखादा पदार्थ असावा. बाईजींना वाटलं तंबूच्या मालकाचं आडनाव असेल.

मंदा पाळण्यात दोनदा बसली. पाळणा वर गेला की करकरायचा, आणि मी खाली उभी राहून नको नको ते विचार करायची. पोर मात्र हसत उतरली. मग आम्ही तंबूत शिरलो.

आत पांढऱ्या चादरी घातलेली लांब टेबलं होती. त्यावर झाकण लावलेली मोठी भांडी, एका टोकाला ताटांची चळत, आणि टेबलांमागे पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं हात बांधून उभी. आमच्या आधी एक पागोटंवाले काका आपलं सगळं घर घेऊन आले होते. त्यांनी चळतीतून ताटं घेतली, जमिनीवरच्या सतरंजीवर ओळीनं बसले आणि ताटं समोर मांडली. आम्हाला तेच बरोबर वाटलं. आम्ही त्यांच्या शेजारी बसलो. आमच्यामागून आलेले समोर बसले. बघता बघता दोन ओळींची छान पंगत झाली आणि सगळे वाढप्यांची वाट पाहू लागले.

वाढपी काही येईनात. ते टेबलांमागून आमच्याकडे बघत होते आणि आम्ही त्यांच्याकडे.

शेवटी एक टोपीवाला पुढे आला. "अरे काकाजी, उठो ना! अपने हाथ से लेना पडता है."

"आपल्या हातानं?" काका म्हणाले. "अन् मंग तू कायले उभा हायस?"

"यह बफे है, काकाजी. खुद लो, जितना चाहिए उतना लो."

"आमी का मांगाले आलो का, भांडं घेऊन तुह्यापुढं उभं राहाले? पाव्हणे हाओ आमी. वाढा."

"पाहुने कैसे? टिकट कटा के आए हो!"

"तिकीट काढून आलेले पाव्हणे हाओ," काका म्हणाले आणि मांडी आणखी घट्ट घातली.

आमच्या ओळीतून 'बरोबर हाय, बरोबर हाय' असा आवाज उठला. बाईजीही काकांच्याच बाजूनं होत्या. कोणी वाढल्याशिवाय उठून भांड्यात हात घालायचा म्हणजे हावरटपणा, आणि वर सगळ्यांनी एकाच डावाला हात लावला की उष्टं-खरकटं कोणी बघायचं? ह्यांचं म्हणणं की शहरात अशीच रीत असेल, उठू या. पण उठले मात्र नाहीत. मला दोघांचंही पटत होतं, आणि पोटात तर भूक लागलेली.

"अवं, ते पोरगी पाय!" बाईजी एकदम म्हणाल्या. "सबन लोकाईच्या आधी उठली!"

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मंदा ताट घेऊन टेबलाशी पोचली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जेवत नाही म्हणून नाव, आणि इथं दोन ओळी उपाशी बसलेल्या असताना ही आधी! मी तिला ओढून आणायला उठले.

जवळ गेले तर ती चवड्यांवर उभी राहून डावानं भात घेत होती. तो तिनं ताटाच्या मोठ्या खणात ठेवला. ताटाला खण होते, माझं तोवर तिकडे लक्षच गेलं नव्हतं. वरण तिनं दुसऱ्या खणात घेतलं. वांग्याची भाजी तिसऱ्यात, कढी चौथ्यात, बुंदी कोपऱ्यात. प्रत्येक खण भरला की खणामधल्या उंचवट्यावरून बोट फिरवून बघायची. मग ताट दोन्ही हातांनी सांभाळत परत येऊन जागेवर बसली आणि जेवू लागली.

ती जेवली हो. नुसता भात, मग वरणात बुडवून एक घास, मग भाजी. वांगंसुद्धा. तोंडातून कसली कुरकुर नाही. ताट रिकामं झालं तेव्हा तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "माय, अजून घेऊ का?"

हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. काका हे सगळं बघत होते. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "पोरगी दुसऱ्यांदा घेऊन राहिली, अन् आपण पाहातच बसलो. चला." मग सगळी पंगत उठली. ताटं वाढून घेऊन आम्ही सगळे पुन्हा ओळीनं सतरंजीवरच बसलो, आणि कोणाचं अडलं नाही. जेवण मात्र बेताचं होतं, कढीत मीठ जास्त.

का जेवली यावर लगेच वाद सुरू झाला. हे म्हणाले पाळण्यात बसल्यानं भूक लागली. बाईजी म्हणाल्या आसगावात कोणाची तरी नजर होती, ती गाव सोडल्यावर उतरली. मी तिलाच विचारलं.

"त्या ताटात भिंती हायेत ना, माय," मंदा म्हणाली. "वरण भातावर येत नाही."

एवढंच होतं. ज्या दिवशी माझे हात गुंतलेले असत आणि मी वरणाची वाटी नुसती तिच्यासमोर सरकवत असे, त्या दिवशी ती जेवत असे. ज्या दिवशी मी प्रेमानं आळं करून ओतत असे, त्या दिवशी नाही.

बाईजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पाठव जूनमध्ये. ठेवते मी. वाट्या तं मले मांडता येतात."

मी जे मागितलं होतं तेच झालं होतं. आणि माझ्या डोळ्यांना धार लागली, ती काही केल्या थांबेना.

"अवं, आता तं जेवली ना?" हे गोंधळून म्हणाले. "मंग काहून रडून राहिली?"

"मले काय माहीत!" मी त्यांच्यावरच खेकसले.

संध्याकाळची गाडी पकडण्याआधी आम्ही भांड्यांच्या बाजारात गेलो. भंडाऱ्याला जाऊन पितळेची भांडी न बघता कोणी परत येत नाही. भिंतीचं ताट पाहिजे म्हटल्यावर दुकानदार आमच्याकडे बघतच राहिला. तसलं त्याच्याकडे काही नव्हतं. शेवटी मंदानंच चार छोट्या पितळी वाट्या निवडल्या, एकीवर एक ठेवून वाजवून पाहिल्या. घ्याल तर कल्हई करूनच घ्या. नाहीतर कढी कळकते आणि सगळी जेवणाची मजा जाते.

परतीच्या गाडीत मंदा माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या केसांतून हात फिरवत बसले. पोरगी शिकणार याचा आनंद होता, अगदी खरा होता. आणि जूनपर्यंत गाडी अशीच चालत राहिली तरी चालेल असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला समजत नव्हतं.

घरी आल्यावर मी चारही वाट्या तिच्यापुढे मांडल्या. तिनं स्वतःच्या हातानं वाढून घेतलं आणि पोटभर जेवली. जूनपर्यंत ती रोज तशीच जेवली, एक दिवस चुकली नाही. शेजारणी म्हणायच्या, पोरीच्या अंगावर मांस आलं. मी हो म्हणायची आणि डाव हातात धरून बसायची, कारण तिच्या ताटात वाढायला मला आता काही उरलं नव्हतं.

मग ती वाट्या घेऊन भंडाऱ्याला गेली. पुढे नागपूरला, मग पुण्याला. शिकली, नोकरीला लागली, सगळं चांगलं झालं. आसगावच्या घरात तिच्यानंतर कोणी खाण्यापिण्याचे नखरे केले नाहीत. तरी वरण मी अजून भातावर ओतत नाही, वेगळंच घेते.

तर परवाचा तो फोटो मी पुन्हा उघडला. नातीच्या समोरचं ताट मोठं करून पाहिलं. सपाट, पांढरं, एकही खण नसलेलं. भिंतीच्या ताटाची युक्ती मी मंदाला सांगणार होते, लिहायला बोट फोनवर टेकवलंही होतं. मंदाला ती आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला मात्र वाट्या घेऊन भंडाऱ्याला निघालेली मंदा आठवली.

मी लिहिलं, "नाही खात तर राहू दे. घाई नको करू. जवळ घेऊन बस तिला."