भाकड म्हशीचा गॅस

आमच्या माहेरी परसात गोबरगॅस बसवला, तेव्हा आई आठवडाभर फुगून बसली होती. शेणाच्या गॅसवर देवाचा नैवेद्य शिजवायचा म्हणजे काय! पण महिनाभरात तीच बाई शेजारणींना हाताला धरून आणून निळी ज्योत दाखवू लागली. चुलीच्या धुराने तिला बारमाही खोकला असायचा, तो गेला. टाकीतून बाहेर येणारी पातळ स्लरी खत म्हणून उसाला जाऊ लागली, त्यामुळे माझे वडील, आबाही खूश.

गेल्या वर्षी मी सासरहून, शिवाजी पेठेतून चार दिवस माहेरी गेले, तर घरात धुसफूस. तीन म्हशींपैकी म्हातारी भाकड झाली होती आणि आबांनी ती विकायची ठरवली होती.

“दूध आटलंय, शेण न्हाय आटलं!” आई म्हणाली. “दोन म्हशींवर गॅस पुरायचा न्हाय. मला परत चुलीफुडं बसवताय व्हय?”

“पुरतोय की,” आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी येऊन पुढच्या सोप्यात, बैठकीवर बसला. आबांनी चहा सांगितला. आईने आधण ठेवलं, मागच्या दाराने बाहेर गेली आणि भिंतीवरचा गॅसचा कॉक बंद करून आली. मी डोळ्यांनी पाहिलं. शेगडी विझली.

“बघा! तीन म्हशी असून ही गत!” ती सोप्यात ऐकू जाईल अशी ओरडली. आमची आई खोटं बोलताना आवाज चढवते. मी तोंडात पदर कोंबला.

आबा उठून परसात गेले आणि लगेच परत आले.

“पावणं, ऱ्हाऊ दे. म्हस इकायची न्हाय.”

व्यापारी चहाविनाच गेला. आई घाईघाईने कॉक उघडायला गेली, तर तो उघडाच होता. ती चक्रावली. तिने गपचूप शेगडी पेटवली आणि पुन्हा आधण ठेवलं.

मी गोठ्यात गेले. आबा म्हातारीची पाठ खाजवत होते.

“आबा, कॉक तुम्ही उघडलात?”

“व्हय. बंद व्हता.”

“मग व्यापाऱ्याला का घालवलंत?”

 स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता.

“तू साळंला जायचीस. दिसभर तिचा खोकला मी ऐकलाय,” ते हळू आवाजात म्हणाले. “चुलीला एवढी भितीया ती, तर ऱ्हाऊ दे की म्हस. तिला सांगू नगंस.”