आठला बंद होणारं फाटक

नुर्सिदा अंदामी ही सुलू समुद्राकाठच्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश विभागाची कारकून. अंगानं किरकोळ, पण जिभेला अशी धार की साहेब लोकही तिच्या टेबलावरून जाताना जरा दबकून जात. बावीस वर्षांत आपल्या हातून एकही अर्ज हरवला नाही, हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच.

त्या वर्षी वरून फर्मान आलं. कुठल्या भागातून किती मुलं शिकायला येतात, आणि येत नसतील तर का, ते कळवा. रजिस्ट्रार बाल्देरामांनी समोरच्या समुद्रातल्या बेटांपुढच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि कारण लिहिलं, 'शिक्षणात रस नाही'. कागद सहीसाठी नुर्सिदाकडे आला. ती तो तसाच त्यांच्याकडे परत घेऊन गेली.

"सर, यावर मी सही करणार नाही."

"का? खोटं आहे का काही? अर्ज भरतात आणि प्रवेशपरीक्षेला एकही जण उगवत नाही."

"येतात की. नऊ-साडेनऊला. तुमचं फाटक आठला बंद होतं." तिनं पिशवीतून भरती-ओहोटीचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. "गेल्या सहाच्या सहा परीक्षा ओहोटीच्या सकाळी घेतल्यात. होडी खडकावर बसते. पाणी चढेपर्यंत पोरं काय उडत येणार?"

सर हसले. "तूही बेटावरचीच ना? तू आलीसच की. ज्याच्यात धमक असते तो येतो."

नुर्सिदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आवाज मात्र तिनं चढू दिला नाही.

"धमक कसली, सर? माझी मावशी इथं राहायची. आदल्या दिवशी तिच्याकडे मुक्कामाला आले, म्हणून आठला पोचले. माझी मैत्रीण हाइना माझ्याहून हुशार. तिला इथं कुणी नव्हतं, ती फाटकाबाहेर राहिली. आजही समुद्रातलं शेवाळ वाळवते. या शनिवारी तिची लेक परीक्षेला येतेय, आणि शनिवारी सकाळी पुन्हा ओहोटी आहे."

बाल्देरामांनी कॅलेंडरवरच्या शनिवारवर बोट ठेवलं.

"ठीक आहे. पेपर सगळ्यांचाच दहाला. पण पोरं आली नाहीत, तर हाच कागद आणि तुझी सही."

"चालेल," नुर्सिदा म्हणाली.

शनिवारी नऊ चाळीसला पोरं आली. गुडघ्यापर्यंत ओली, अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत जपून धरलेले. चौतीस अर्ज होते, चौतीसही जण आले. नुर्सिदानं त्यांच्यासाठी ठेवलेल्या खोलीचं दार उघडलं, तर आत नुसता फळा आणि टेबल. बेटावरचं कुणी येत नाही म्हणून शिपायानं दरवर्षीप्रमाणे याही वेळी खुर्च्या मांडल्याच नव्हत्या.

नुर्सिदानं सरांकडे पाहिलं. सरांनी बाह्या सरसावल्या आणि ते शेजारच्या वर्गातून दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन आले.

दारात हाइनाची लेक जुल्सिमा घाबरून उभी होती. "मॅम, आम्हाला उशीर झाला का?"

"तुम्हाला नाही गं," नुर्सिदा म्हणाली. "आम्हाला झालाय. ये, बस."