गुळाच्या पाकात वाकवलेली नळी

मळवलीच्या हौसामावशींचं नाव आधी लिहितो, गाडीचं मग. त्या लोणावळ्यात आमच्या गॅरेजच्या मागच्या चिक्कीच्या कारखान्यात भट्टीवर पाक करायच्या. मोटारीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. तरी गॅरेजला येणाऱ्या एका शेठच्या स्पोर्ट्स गाडीला आम्ही घरच्या घरी टर्बो बसवला, तो त्यांच्यामुळे चालला. त्या कामाबद्दल लोक माझं नाव घेतात. तेव्हा मला बरं वाटतं आणि लगेच लाजही वाटते.

शुक्रवार होता. मी गॅरेजच्या मागे तांब्याची एक नळी दगडी पायरीवर उभी आपटत होतो. दर आपटण्याला आतून वाळूचे चार कण पडत. मी फुंकर मारायचो, पंपाची हवा मारायचो, तारेला पांढरं फडकं बांधून आतून फिरवायचो. फडक्यावर पुन्हा कण. तीन दिवस हेच चाललं होतं, आणि रविवारी शेठ येणार होते.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेल्या दोन फिरक्या. इंजिनातून बाहेर पडणारा धूर पहिली फिरकी फिरवतो. तिच्याबरोबर दुसरी फिरते आणि ती हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जाळता येतं. इंजिन तेवढंच राहतं, ताकद वाढते. आमचा टर्बो रस्त्याच्या कंत्राटदाराच्या मोडीत निघालेल्या डिझेल मशीनवरचा होता. नारळाएवढा. त्याचे बेअरिंग मी स्वतः बसवले होते. एक्झॉस्टला जोडायचा तुकडा वेल्डिंग करून झाला होता. ऑइल प्रेशरच्या मीटरजवळून टर्बोला तेलाची बारीक लाइन दिली होती. पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्बोरेटरमध्ये मोठा जेट घातला होता. सगळं झालं होतं. राहिली होती ती फक्त टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारी नळी, आणि स्टिअरिंगच्या रॉडला चुकवून जायचं म्हणून तिला दोन बाक हवे होते.

नळी नुसती वाकवली तर बाकाला चपटी होते. म्हणून तिच्यात सुकी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची, लाल होईपर्यंत तापवायची आणि वाकवायची. मी तसंच केलं. बाक सुरेख आले. पण तापलेल्या धातूवर जी पापडी धरते, तिच्यात वाळू रुतून बसली. ही नळी इंजिनाला हवा पाजणार होती. हवेबरोबर वाळू सिलिंडरमध्ये गेली की पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही किसून निघतात. गाडी विलायती. तिचे पार्ट मिळत नव्हते. इंजिन गेलं म्हणजे गाडीच गेली.

आणि "जमेल" असं शेठला मी म्हणालो होतो. आमचे मालक आबा यांनी शब्द दिला नव्हता. मी भंडाऱ्याकडचा, आठवीत शाळा सुटलेला, भाताच्या गिरणीतल्या इंजिनावर हात बसलेला. आबांनी सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं, त्यातले पाच झाले होते. गावाला जायचं तर दीड दिवसाचा प्रवास. असं परत जायचं नव्हतं.

आबा म्हणाले, "आरं, दोन कणांनी काय हुतंय? बसव आन सुरू कर."

"आबा, नको. इंजिन जाईल."

"मग कर काय करायचं त्ये. शेठला तोंड तूच दाखव."

तेवढ्यात हौसामावशी बाहेर आल्या. दुपारच्या सुट्टीत त्या मला कागदात चिक्कीचा चुरा आणून द्यायच्या. मी एकटा राहतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हापासून.

"काय रं भंडाऱ्या, त्या नळीनं तुजं काय वाईट केलंय? सकाळधरनं बडवतूयास."

मी सांगितलं. वाळू का भरली, ती का निघत नाही, सगळं. त्यांनी नळी हातात घेऊन आत डोळा लावला.

"मंग न निगनारी वस्तू भरलीच कशाला?"

"ठासून भरायला काहीतरी लागतंच मावशी."

"पाक भर की. वततानी पान्यावानी, गार झाला का दगड. आन गरम पान्यानं धुतला का गेला. आमच्या कढया काय वाळूनं घासत बसतो का आमी?"

मला हसू आलं. मग हसू थांबलं. शिसं किंवा डांबर ओतून नळ्या वाकवतात हे मी ऐकलं होतं, पण ते पुन्हा वितळवून काढावं लागतं. गूळ पाण्यात विरघळतो. तांब्याची नळी आधी तापवून पाण्यात विझवली तर नरम पडते, मग थंडच वाकवता येते. तापते तेव्हा आत वाळू नसते, आणि जी पापडी धरते ती पाण्यात सुटून पडते.

आबांनी ऐकलं आणि ते उठलेच. "इंजिनात गूळ घालनार तू? कुनाचं वाईट करायचं आसंल तर लोक टाकीत साखर टाकत्यात. आन आपुन हातानं घालायची?"

"इंजिनात न्हाई वो आबा, नळीत," मावशी म्हणाल्या. "ऱ्हाईला तर मी हाय आन माजी भट्टी हाय. मला इचारा."

भंगारातल्या तांब्याच्या नळीचा आणखी एक लांब तुकडा होता. त्याचे दोन भाग केले, म्हणजे दोनच संधी. पहिल्यात मावशींनी चिक्कीचाच कडक पाक ओतला. गार झाल्यावर नळी गॅरेजमागच्या जांभळाच्या झाडाच्या बेचक्यात अडकवून मी जोर लावला. आत कडकन आवाज झाला आणि बाकाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या. पाक आतल्या आत फुटला होता.

आता एकच तुकडा उरला होता. मावशींनी मात्र सुरकुतीवरून बोट फिरवलं आणि माझ्यावरच डाफरल्या.

"तू मला आदी सांगितलंस का आतला पाकबी वाकाय पायजे म्हनून? मी आपली मोडायचा पाक दिला. चिक्की मोडाय लागती. तुला पायजे चिवट. दोन बोटांत धरून वडला तर तार आली पायजे, तुटाय न्हाई पायजे."

त्यांनी पुन्हा कढई चढवली. वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, बोटांनी चेपायचा, ओढायचा, पुन्हा थांबायचं. कारखान्याच्या मालकाच्या नजरेआड हे चाललं होतं आणि मी दारात उभा राहून आत-बाहेर बघत होतो. एका क्षणी त्या म्हणाल्या, "आन नळी." ती नळी मी आधीच नरम करून ठेवली होती. मी खालच्या तोंडाला बूच मारलं आणि त्यांनी एका धारेत पाक ओतला.

संध्याकाळच्या आत नळी दोन्ही ठिकाणी वाकली. सुरकुती नाही, चपटेपणा नाही. मी तिच्यावरून हात फिरवत राहिलो. आबांनी ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट केली आणि फक्त "हं" म्हणाले. आबांचा "हं" मिळायला लोक वर्ष वर्ष थांबत.

आता धुणं. उकळतं पाणी ओतायचं, हलवायचं, बादलीत काढायचं. सहा-सात वेळा झाल्यावर पाणी स्वच्छ दिसायला लागलं. मी म्हणालो, झालं. मावशींनी नळीतून निघालेलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं.

"ग्वाड लागतंय. आजून हाय."

पुन्हा पाणी. पुन्हा जीभ. "हाय." पुन्हा पाणी. शेवटी आबांनीही चाखून बघितलं, आणि मीही. तिघांना नुसतं पाणी लागलं तेव्हाच नळी वाळवली. इंजिनाचा पार्ट स्वच्छ आहे की नाही हे चाखून ठरवलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. या कामानंतरही नाही.

रविवारी सकाळी शेठ आले. मुंबईचे पारशी, लोणावळ्यातच तुंगार्लीला बंगला. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ बघितलं.

"मिस्त्री, चढेल का? खोटा नाही बोलायचा."

"चढेल शेठ."

खोपोलीला उतरलो. तिथून घाट वर येतो. या गाडीला मधल्या मोठ्या चढाला नेहमी सेकंड गिअर लागायचा. शेठची अट होती की तो चढ थर्डमध्ये निघाला पाहिजे. ते चालवत होते. मी शेजारी, मांडीवर हवेचा दाब दाखवणारं मीटर घेऊन.

पहिला चढ आला. शेठनी अॅक्सिलरेटर दाबला, बॉनेटखालून बारीक शिट्टी सुरू झाली, ती वाढत गेली आणि मीटरचा काटा उठला. दोन पाउंड. चार. पाठ सीटला चिकटली. आणि इंजिनातून टकटक टकटक आवाज यायला लागला.

वाटलं, वाळू नाही तर गूळ, काहीतरी आत गेलंच.

"शेठ, पाय काढा."

गाडी कडेला घेतली. मी नळी सोडवली, आत बोट घातलं, बोट चाखलं. शेठ माझ्याकडे बघतच राहिले.

"अरे, ते काय खाते तू?"

काही लागलं नाही. नळी कोरडी, स्वच्छ. मग डोकं चालायला लागलं. हा ठोका होता. हवा दाबून भरली की ठिणगी नेहमीपेक्षा जरा उशिरा पडावी लागते. ती वेळेआधी पडली तर स्फोट पिस्टनला वर येतानाच धडकतो, त्याचा तो आवाज. ठिणगीचं टायमिंग मी जुनंच ठेवलं होतं. नळीच्या नादात ते राहूनच गेलं होतं. चूक माझी, मावशींची नाही. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला, केसभर फिरवला, आवळला.

"परत खालून घ्या शेठ."

या वेळी काटा सहावर गेला आणि इंजिन एकसारखं गुरगुरत राहिलं. मोठा चढ आला. शेठचा हात सवयीने गिअरकडे गेला, थांबला आणि स्टिअरिंगवर परत आला. पुढे एक भरलेला ट्रक होता, तो मागे पडला. शेठ गुजरातीत काहीतरी बोलत होते, ते मला कळलं नाही. मी मोठमोठ्यानं आकडे वाचत होतो. सहा, सहा, साडेसहा. खंडाळ्याला पोचलो तेव्हा गाडी थर्डमध्येच होती आणि माझा घसा बसला होता.

मी कायम झालो. शेठचा टर्बो पुढे दोन हिवाळे टिकला, मग बेअरिंग गेले. तो दोष मोडीतल्या मालाचा.

या कामातून एवढंच शिकलो की नळीत काय भरायचं ते ठरवण्याआधी ते बाहेर कसं काढायचं ते ठरवावं. आणि हे ज्याला रोज करावं लागतं त्याला विचारावं, त्याचा धंदा कुठलाही असो.

हौसामावशी आता मळवलीला घरीच असतात, स्वतःची लहान भट्टी लावतात. धुरानं डोळे अधू झालेत म्हणतात. मागच्या खेपेला मी छपराचं माप घेऊन आलो. त्या भट्टीला मी धुराडं बसवून देणार आहे, धूर सरळ कौलांच्या वर जाईल असं. पत्रा आणून ठेवला आहे. अजून बसवलेलं नाही, पण बसवणार आहे, त्यांना दिसतंय तोवर.