एकाच देवीच्या दोन होड्या

भावाच्या होडीवरच्या जीपीएसचा पडदा फुटला होता, पण आतलं यंत्र ठणठणीत होतं. त्याला छोटा बिनतारी अडॅप्टर जोडला की होडीची जागा टॅबवरच्या नकाशात दिसेल, असं मीच सुचवलं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान माझं, म्हणून अडॅप्टरला नाव नि पिन देणारे आदेश लॅपटॉपवरून टाइप करायची कटकटही माझीच.

मांडवीच्या अंगाला दाट धुकं. धक्क्याला लागलेल्या होडीत मी लॅपटॉप घेऊन बसलेली, भाऊ डोक्यावर उभा.

"ताय, आटप. ओहोटी लागली की गाळात रुतू."

"घोड्यावर बसून आलायस काय? गप ऱ्हा जरा."

पहिला आदेश दिला, उत्तर नाही. पुन्हा दिला, नाही. डोकं सणकलं. मग कळलं, आदेशाची ओळ संपल्याची खूणच लॅपटॉपकडून जात नव्हती. ती सेटिंग बदलली आणि मेल्याने मुकाट 'ओके' म्हटलं. अडॅप्टरला होडीचं, म्हणजे गावदेवीचं नाव दिलं. दुसरं ठेवलं असतं तर भावाने होडी सोडलीच नसती. टॅबवर त्या नावाला त्याने बोट लावलं, नकाशात होडी धक्क्याला दिसली. मी उतरले, तो गेला.

शेजारच्या होडीतून काकांनी हाक मारली. "गो बाय, गेल्या आठवड्यात तू बसवलास तो अडॅप्टर आज टॅबला लागतच नाय बघ."

मी हात लावला आणि लागला.

"तुझ्या हाताला गुण हाय!" म्हणत काकांनी चहा दिला.

चहा पिता पिता मनात आलं, मग मघाशी का लागत नव्हता? आणि कप तसाच खाली ठेवला. काकांची होडीही त्याच देवीच्या नावाची. अडॅप्टरचं नाव तेच, पिनही तीच. असा अडॅप्टर एका वेळी एकाच टॅबला जोडला जातो. मघाशी काकांच्या अडॅप्टरला भावाच्या टॅबने धरलं होतं! आता भाऊ लांब गेल्यावर सुटला. म्हणजे भावाच्या नकाशात होडी शेवटच्या जागी, धक्क्यालाच अडकलेली, आणि पुढे धुक्यात खडप, अर्धे पाण्याखाली दडलेले खडक.

फोन लावला. "टॅबवर होडी हलतेय काय रे?"

"हलतेय की... थांब. नाय गो. धक्क्यालाच हाय."

"इंजिन बंद कर! आधी बंद कर!"

इंजिन थांबलं. फोनमधून खडपावर लाट फुटल्याचा आवाज आला, अगदी जवळून.

"ते नाव काढून टाक नि परत शोध. तिथं आता आपलाच सापडेल."

किती वेळ गेला देवी जाणे.

"जोडला." मग एकदम हळू आवाजात, "ताय, खडप उजव्या हाताला हाय. मी तिकडंच वळवत होतो."

मी तिथेच फळीवर बसून ढसाढसा रडले.

"अगो, रडतेस कशाला?" काका टॅब दाखवत म्हणाले. "लागला ना माझा!"