चव्वेचाळीस वेळा सापडलेला कोट

पेन्सिलीला बाई दोन्ही बाजूंनी टोक करायची. चहा गार झाल्यावरच प्यायची, आणि गार झाला म्हणून कुरकुरायची. हरवलेली छत्री परत देताना आधी स्वतः उघडून बघायची. आणि खिडकीपुढे कुणीही येवो, त्याने तोंड उघडायच्या आत त्याच्यापुढे कोरा कागद सरकवायची. "काढून दाखवा."

मोठ्या स्टेशनातल्या हरवले-सापडले खात्यात दादाने तिच्यासोबत चौदा वर्षं काढली. खिडकीवर बाई, मागे फडताळांतल्या वस्तू सांभाळायला दादा. दिवसभर देशोदेशीचे प्रवासी यायचे. कुणी पिशवीचं चित्र काढी, कुणी बासरीचं. एका आजोबांनी कवळी काढली ती इतकी हुबेहूब, की बाईने तो कागद भिंतीवर लावला.

पहिली तीन वर्षं मात्र चित्रबित्र काही नव्हतं. तेव्हा बाई संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकत होती आणि त्याचा तिला तोरा होता.

एका कडक थंडीच्या सकाळी एक तरुण धावत आला. अंगात नुसता स्वेटर. गाडी सुटायला सहा मिनिटं होती. इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं. घाईत तो स्वतःच्याच भाषेतला शब्द बोलला. "रॉक."

"दादा, स्कर्ट!" बाई ऐटीत म्हणाली. जर्मनमध्ये रॉक म्हणजे स्कर्ट. दादाने फडताळातले होते नव्हते ते सगळे स्कर्ट आणून खिडकीत मांडले. फुलाफुलांचा, चौकड्यांचा, एक झालरीचा. रांगेतली माणसं खो-खो हसली. तरुण कानापर्यंत लाल झाला. त्याने घड्याळ पाहिलं आणि तसाच फलाटाकडे पळाला.

तासाभराने दादा स्कर्ट घड्या घालून ठेवत होता. बाईच्या खुर्चीमागे, खुंटीवर, आदल्या रात्री जमा झालेला एक निळा लोकरी कोट लटकत होता. बाईने वर्गातला जाड शब्दकोश उघडला, मग दुसरा. स्वीडिशमध्ये रॉक म्हणजे कोट.

तिने खुर्ची वळवून कोटाची बाही हातात धरली. मग म्हणाली, "माझ्या पाठीमागे होता हो, दादा. हात लांब केला असता तर मिळाला असता."

दुसऱ्या दिवसापासून कागद आणि पेन्सिल आली. बुटांचं रिकामं खोकं आलं. एकसारखे दिसणारे, पण सीमा ओलांडली की अर्थ बदलणारे शब्द ती कार्डांवर लिहून त्यात ठेवू लागली. दादाला वाचून दाखवायची. "बुर्रो. इटालियन माणूस लोणी मागतोय, स्पॅनिश माणूस गाढव हाकत आणतोय."

"आणि आपण?"

"आपण दोघांना कागद द्यायचा."

दादा फार बडबडला की म्हणायची, "रोलिग व्हा जरा. डेन्मार्कमधलं रोलिग, शांत. स्वीडनमधलं नको, तिकडे त्याचा अर्थ गमतीदार. तेवढे तुम्ही आहातच."

कोटाचं मात्र तिला हसू येत नसे. तो त्या पोराच्या हातात द्यायचा, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. खिशात पत्ता नव्हता, चिठ्ठी नव्हती. आणि खात्याचा नियम असा, की नव्वद दिवसांत मालक आला नाही तर वस्तू लिलावात. म्हणून नव्वदाव्या दिवशी बाई कोट खुंटीवरून काढायची, बाकावर ठेवायची, स्वतःच उचलायची आणि नोंदवहीत लिहायची, 'आज सापडला.' सही तिची, साक्षीदार दादा.

अकरा वर्षं. चव्वेचाळीस वेळा.

नव्या साहेबांनी एकदा वही चाळली. "बाई, हा निळा कोट दर तीन महिन्यांनी हरवतो कसा?"

"विसराळू असतं एखादं माणूस, साहेब."

साहेबांनी दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे.

"दादा, तुम्हीही सामील?"

"मी नुसता साक्षीदार, साहेब. बाकावर होता, हे खरं."

साहेब हसले. वही मिटून गेले.

या हिवाळ्यात कोटाला कसर लागली. बाई हळहळली. अस्तर कुरतडलेलं, दोन्ही खिसे फाटलेले. तिने दुपारच्या सुट्टीत अस्तर उसवायला घेतलं, आणि आतल्या शिवणीत कापडाची बोटभर पट्टी निघाली. शिंप्याने शिवून ठेवलेली. दुकानाचं नाव, गाव, गिऱ्हाईकाचा क्रमांक.

"दादा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली, की रांगेतला माणूस दचकून मागे सरला. "अकरा वर्षं मी खिसे चाचपत बसले. किड्याला आपल्याहून जास्त अक्कल!"

तिने दुकानाला पत्र लिहिलं. सोबत कोटाचं चित्र काढून घातलं. महिन्याने उत्तर आलं. शिंपी वारला होता, पण मुलाने वडिलांच्या वह्या जपल्या होत्या. त्याने मालक शोधला होता. त्या मालकाचंही पत्र सोबत होतं. आता त्याला दोन मुली होत्या. येत्या शुक्रवारी तो स्वतः येणार होता. पत्राखाली त्याने एक स्कर्ट काढला होता, झालरीचा.

बाई हसली. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "फाटके खिसे कसे देऊ? शुक्रवारच्या आत झाले पाहिजेत." सोमवारी तिने एक खिसा पुरा केला. दुसरा संध्याकाळपर्यंत अर्धा.

मंगळवारी ती आली नाही. दहा वाजता तिच्या बहिणीचा फोन आला. पहाटे झोपेतच गेली. दादा म्हणाला, "बरं, नोंद करून घेतो." फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं.

खिडकीपुढे रांग वाढत होती. दादा आयुष्यात पहिल्यांदा तिच्या खुर्चीवर बसला. समोरची मुलगी घाईघाईने काहीतरी सांगू लागली. त्याने कागद सरकवला. ती थांबली, आणि चित्र काढू लागली.

शुक्रवारला तीन दिवस होते. कोट खुंटीवर होता. डाव्या खिशाच्या अस्तरात सुई खोचलेली, तिच्यातून वीतभर निळा दोरा लोंबत होता. चार बोटं शिवण राहिली होती.