घेणं ना देणं

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात स्वतःच्या मर्जीनं एकही गोष्ट न करता सुखानं जगलेला माणूस एकच, आणि तो माझा साळा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, व्यवस्थापनशास्त्रातला डॉक्टर. कारंजाच्या बाहेर, जिकडे तिकडे तूर आणि मधोमध एक मॅनेजमेंट कॉलेज असं जे दृश्य आहे, तिथं त्याला नोकरी लागली आणि "खोली भेटेपर्यंत चार दिवस" म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. खोल्या पुष्कळ भेटल्या, पण त्यातली कोणती घ्यायची हे त्याला स्वतः ठरवायचं नव्हतं. ते का, हे सांगायचं तर त्याचं संशोधन सांगावं लागेल. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. न कळलेला भाग इंग्रजीत आहे.

त्याचं म्हणणं असं, की संस्था बुडतात त्या मूर्ख माणसांमुळे नव्हे, गुंतलेल्या माणसांमुळे. ज्याचा फायदा-तोटा आहे त्याची नजर गढूळ होते. म्हणून कोणताही निर्णय अशा माणसानं घ्यावा, ज्याला त्या गोष्टीशी घेणं ना देणं. अशा माणसाला तो 'त्रयस्थ' म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा व्हायचा. हे सगळं तपासून पाहायला त्याला एक संस्था हवी होती. मोठमोठ्या कंपन्यांकडे तो जाऊन आला. त्यातल्या एकीच्या वॉचमननं त्याला स्टुलावर बसवून डब्यातली अर्धी भाकर खाऊ घातली. उद्योगजगतात त्याला याहून आत कोणी जाऊ दिलं नाही. शेवटी त्याची नजर माझ्या बिछायत केंद्रावर पडली.

माझं बिछायत केंद्र म्हणजे मांडवाचं कापड, खुर्च्या, गाद्या, अख्ख्या गावजेवणाचा भात मावेल असे गंज, दोन गडी आणि मी. त्याच्या शोधनिबंधात मी झालो 'सर्वोच्च व्यवस्थापन', गडी झाले 'मध्यम व्यवस्थापन' आणि माझी बायको 'बाह्य दबाव'. पहिल्याच दिवशी त्यानं खुर्ची ओढली आणि विचारलं, "भाऊजी, तुमची रणनीती काय हाये?"

"सकाळी शटर वर करतो, संध्याकाळी खाली करतो."

"अन् दीर्घकालीन?"

"तेच. रोज."

हे त्यानं इतक्या आदरानं ऐकून घेतलं, की आपण काहीतरी भारी बोललो असं मला वाटलं. मी फसलो तो तिथं. बारावीत दोनदा बसलेल्या माणसाला कोणी 'सर्वोच्च' म्हटलं की त्याचं काय होतं ते मी सांगतो: तो आपली चालती संस्था शास्त्रोक्त चालवायला घेतो.

ठरलं असं, की यापुढे मांडवाचं कापड समोरच्या कटिंगच्या दुकानातला भाऊ निवडेल. त्याला मांडवाशी घेणं ना देणं. साळ्यानं त्यात आणखी एक बारकावा घातला: प्रसंग कोणता आहे हेही भाऊला सांगायचं नाही, कारण प्रसंग कळला की माणूस गुंततो. पहिलीच मागणी आली ती गावातल्या एका फार म्हाताऱ्या माणसाच्या तेरवीची. मी दोन तुकडे घेऊन समोर गेलो, एक पांढरा, एक लाल-सोनेरी झालरीचा. भाऊनं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा न उचलता सांगितलं, "लाल. पांढऱ्यावर डाग पडतेत." साळ्यानं माझा हात दाबला. "पाह्यलं का भाऊजी? किती निर्मळ विचार!"

तेरवीला नातेवाईक उतरले ते लाल-सोनेरी मांडवात. गड्यांनी कापडाबरोबर नेहमीची कमानही उभी केली होती, आणि कमानीवर लुकलुकत्या दिव्यांची दोन हृदयं होती. मयताचा मोठा मुलगा माझ्याकडे चालत आला तेव्हा मी भाताच्या गंजामागे होतो. "हे काय करून ठेवलं तुमी?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "आमच्याकडं आता निर्णय त्रयस्थ घेतो." हे वाक्य मी त्या घडीला का बोललो, मला माहीत नाही. तो बाह्या सरसावणार, इतक्यात आतून म्हातारी काठी टेकत बाहेर आली. तिनं वर पाहिलं, झालर पाहिली, हृदयं पाहिली. म्हणाली, "राहू दे रे. आमच्या लग्नात मांडवच नोता पडला." मग जेवणं झाली. परत येताना साळा मला सांगत होता की प्रयोग यशस्वी आहे.

त्यानंतर हे लोण घरात आलं. आमच्याकडे कोणती भाजी व्हायची ते शेजारच्या काकू ठरवणार आणि त्यांच्याकडची माझी बायको. दोघींचं नळावरून जुनं वाकडं होतं. माझ्या बायकोनं त्यांना आठवडाभर गवार खायला लावली. काकूंनी आमच्यावर दोडके सोडले. साळा मात्र दोन्ही घरी जेवायचा आणि म्हणायचा, "सूड हा बी एक प्रकारचा गुंताच हाये ताई, हे दुरुस्त करा लागते." ताई लाटणं हातात घेऊन म्हणायची, "तू खातं का उठतं?"

स्वतःच्या बाबतीत तर तो याहून कडक होता. एकदा त्याला मुलगी पाहायला वाशीमला जायचं होतं. कारंजाच्या स्टँडवर त्यानं एका गाठोडंवाल्या आजीला विचारलं, "माय, कोणत्या गाडीत बसू?" आजीनं त्याला आपल्याच गाडीत बसवलं, कारण तिला गाठोडं उतरवायला माणूस पाहिजे होता. गाडी आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाववरून शिरपूर जैनला गेली. हा तिथं उतरला, आजीचं गाठोडं घरी पोचवलं, मंदिरात दर्शन घेतलं आणि संध्याकाळी प्रसन्न चेहऱ्यानं घरी आला. इकडे मुलीकडचे मला फोनवर फोन करत होते. मी सांगितलं की गाडी पंक्चर झाली. मुलीचा बाप म्हणाला, "एसटीचं एवढा वेळ पंक्चर?" मी घाबरून म्हणालो, "चारही चाकं." एसटीला सहा चाकं असतात, हे त्या माणसाला बरोबर माहीत होतं. तो एसटीतच नोकरीला होता.

"लग्न गेलं ना तुह्यं," मी ओरडलो.

"निर्णय बरोबर होता भाऊजी," तो शांतपणे म्हणाला. "आजी त्रयस्थ नोती, एवढीच चूक झाली. तिचं गाठोडं होतं."

असा हा माणूस वर्षानुवर्षं आमच्याकडे राहिला, आणि मी रोज सकाळी चहाच्या वेळी त्याला एकच विचारत राहिलो, "काऊन रे, कधी जातं तू?" साळ्याला याहून प्रेमाचं काही विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. तोही रोज म्हणायचा, "कोनी सांगतलं की जातो."

आणि मग एक दिवस दूर दक्षिणेकडच्या मोठ्या शहरातल्या एका मोठ्या बिझनेस स्कूलचं बोलावणं आलं. त्यांना त्याचं संशोधन आवडलं होतं, माझ्या बिछायत केंद्रासकट. तिथं संशोधकाची जागा होती. सोमवारच्या आत हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हणायचं का नाही, एवढाच प्रश्न. साळा त्रयस्थ शोधायला बाहेर पडला.

पहिल्यांदा कटिंगवाल्या भाऊकडे गेला. भाऊ म्हणाला, "तू गेल्यावर माह्या दुकानात फुकटचा पेपर कोन वाचून दाखवन?" बाद. शेजारच्या कापड दुकानातले जैन शेठजी म्हणाले, "आमच्या नातीचं गणित अर्ध्यावर हाये. आमाले नको इचारू." बाद. काकूंनी पदर डोळ्याला लावला, तेव्हा तर तो पायरीही चढला नाही. स्टँडवर गेला तर कंडक्टरनं लांबूनच ओळखलं, "या सर! आज कुठची गाडी चुकायची हाये?" शेवटी आपल्याला कुणीच ओळखत नाही असं गाव पाहिजे म्हणून तो किन्हीराजाला जाऊन उतरला. तिथं एका झाडाखाली एक अनोळखी शेतकरी बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, घरी नेलं, चहा पाजला, मायबापाची चौकशी केली आणि मग म्हणाला, "इतक्या दूर काहून जातं बाप्पा? आमी हाओत ना इथं." साळा हताश होऊन परत आला. "चहा पेल्यावर त्रयस्थ राहतच नाही कोनी," तो म्हणाला. "या जिल्ह्यात हे संशोधन अवघड हाये."

रविवारी सकाळी मी चहा पीत होतो. तो समोर येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे असा पाहायला लागला, जसा मी त्याला पहिल्यांदाच दिसलो.

"भाऊजी, तुमी!"

"मी काय?"

"तुमाले माह्याशी घेणं ना देणं. रोज इचारता ना, कधी जातं म्हणून? मी उगाच किन्हीराजाले गेलो. सांगा आता. जाऊ का राहू?"

स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला. गोष्ट अशी होती, की मी नुसतं "मलाही फरक पडते रे" एवढं म्हटलं असतं, तर मीही बाद झालो असतो. जिल्ह्यात दुसरा त्रयस्थ उरला नव्हता. सोमवार निघून गेला असता आणि तो आमच्याच बैठकीत, माझ्याच उशीवर राहिला असता. एवढं सगळं मला कळलं. पण त्यानं नखं कापली होती, बुटाला पॉलिश मारलं होतं, हेही मी पाहत होतो. मी काय बोलावं ते अजून ठरवतच होतो, तेवढ्यात इतक्या वर्षांची सवय असलेलं माझं तोंड बोलून मोकळं झालं, "जा की बाप्पा. मले काय फरक पडते?"

"पाह्यलं!" तो आनंदानं ओरडला. "ताई, पाह्यलं? एका सेकंदात! यालेच म्हनतो मी त्रयस्थ!"

संध्याकाळी बायकोनं मला दोडके वाढले, ते कोणाच्या निर्णयानं हे मी विचारलं नाही.

तिकडे गेल्यावर त्याच्या मते साऱ्या जगात खात्रीचा त्रयस्थ मी एकटाच उरलो. रोज त्याचा फोन यायचा. आज इडली खाऊ का डोसा? खोलीला पडदा निळा घेऊ का हिरवा? तिकडच्या विद्यार्थ्यांना तो माझं उदाहरण द्यायचा म्हणे. मी आवाज होईल तितका कोरडा ठेवून डोसा सांगायचो, निळा सांगायचो आणि फोन ठेवल्यावर बायकोला सांगायचो, "डोसा खाल्ला त्यानं." मांडवाचं कापड मी परत स्वतः निवडायला लागलो होतो, आणि कटिंगवाला भाऊ त्याबद्दल माझ्यावर नाराज होता.

मग दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. "भाऊजी, इथं काम लय हाये. दिवाळीले घरी ये..."

"ये," मी म्हणालो.

मग तो हळूच म्हणाला, "येऊ का नको, असं पूर्ण इचारू तं द्याचं होतं, भाऊजी."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "नेटवर्क बराबर नाई इथं."

"हाये, हाये, बराबर हाये नेटवर्क," तो म्हणाला. "आता मले दुसरा मानूस पाहा लागते. तुमी नाई चालत आता."

दिवाळीला तो आला, चार दिवस राहिला आणि गेला. कोणाला विचारून आला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता तो मला पडदा विचारत नाही, डोसा विचारत नाही. फोन मात्र रोज येतो. "जेवले का?" म्हणतो. मी म्हणतो, "जेवलो." मग दोघांकडेही बोलायला काही नसतं, आणि ठेवू का म्हणून कोणी कोणाला विचारत नाही.