तापीचं न गाळलेलं पाणी

आमचा शेठ पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचा, तेही स्वतःच्याच तांब्यानं. दुसऱ्याच्या घरचा थेंब त्याला चालत नसे. आणि हाच सोवळा माणूस लाभपंचमीला, हंगामाच्या मुहूर्तावर, शहाद्याच्या आपल्या कापूस-प्रेसच्या हौदात तापीचं गढूळ पाणी घागरीनं ओतायचा, वाळूसकट.

तेव्हा प्रेस तेलावर नव्हे, पाण्यावर चालायची. पंप हौदातलं पाणी नळातून दाबून खाली कोंडायचा, त्या जोरानं दट्ट्या वर चढायचा आणि ढीगभर कापसाची गठाण व्हायची. पाणी स्वच्छ हवं, एवढंच तिचं मागणं. वाळूचा कण व्हॉल्व्हखाली बसला की पाणी मागं गळतं, दाब उतरतो. मी तिथला फिटर. तीन वर्षं शेठला हे सांगत होतो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मुहूर्त आटोपला की मीच गुपचूप हौद उपसून धुवायचो.

चौथ्या वर्षी मी घागरीच्या तोंडाला फडकं धरलं. "तापीमायला गाळतोस? अक्कल गहाण टाकलीस का?" शेठ सगळ्यांदेखत म्हणाला. भोवतीचे होयबा फिदीफिदी हसले. मी फडकं खांद्यावर टाकलं. म्हटलं, ओत बाबा. पडू दे प्रेस बंद, जिरू दे तुझी. त्या वर्षी हौद धुतला नाही.

गठाणीला लोखंडी पट्ट्या बांधणारा एक गडी होता. दाब आहे तोवर हात आत घालून पट्ट्या अडकवायच्या, हे त्याचं काम. हात घालण्याआधी तो रोज मला विचारायचा, "भाऊ, दाब टिकी ना?" मुहूर्ताच्या त्या दिवशीही विचारलं. मी शेठकडे बघत, घुश्श्यातच "टिकी" म्हणालो.

तिसऱ्या गठाणीला दाब उतरला. कापूस फुगला, अर्धवट अडकवलेली पट्टी आवळली आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शेठनं जागच्या जागी निवाडा दिला: फिटर पाणी गाळायला निघाला, माय कोपली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मेंढरंच ती.

आठवड्यानं मी दवाखान्यात गेलो. फडकं गुंडाळलेला हात छातीशी धरून त्यानं विचारलं, "भाऊ, तू पानी गायाले निंघना, म्हनीसन माय कोपनी का?"

इतकी वर्षं मी शेठच्या अकलेला हसत आलो. त्या खाटेशी उभा राहून मात्र म्हणालो, "असंल." खरं कारण सांगायचं तर "टिकी" कोण म्हणालं, तेही सांगावं लागलं असतं.